मधल्या सुटींतला एकटा मुलगा



नववींतील एखादा मुलगा रोज सकाळीं, नेमकें शाळेच्या वेळीं, पोट दुखतें म्हणून अंथरुणांत पडून राहूं लागतो. डॉक्टर तपासतात, पोटांत कांहीं सांपडत नाहीं. मग घरचीं माणसें त्याला आळशी ठरवून मोकळीं होतात. त्या मुलास खरें भय वाटत असतें तें मधल्या सुटीचें. वर्गांत बसावयाची जागा ठरलेली असते. डबा कोणाजवळ बसून खावा हें मात्र कोणी ठरवून दिलेलें नसतें. अशा मुलास मुखदुर्बळ, घुमा, एकलकोंडा अशीं नांवें ठेवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. पाहुण्यांसमोर "आमचा हा अगदींच घुमा" असें आई हंसत हंसत सांगते, आणि मुलगा दाराआडून तें ऐकत असतो.

या मुलाविषयीं बोलतांना शहर सोडून गडचिरोलीच्या अरण्यांत शिरणें चमत्कारिक वाटेल. परंतु बुजरेपणा कशानें येतो आणि कशानें ओसरतो, हें तेथील एका शाळेंत जितकें उघडपणें पाहावयास मिळालें, तितकें शहरांत क्वचितच मिळतें. भामरागडजवळ हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा तेव्हां झाला नव्हता. तो चंद्रपुरांतून निराळा निघाला १९८२ सालीं. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहावयास गेलीं, तेव्हां माडिया लोक परक्या माणसास पाहून दूर पळत. औषध देणारा समोर उभा असूनही घेणारा जवळ येईना. १९७६ सालीं शाळा निघाली, तेव्हां मुलांचेंहि तेंच झालें. शिक्षकांस माडिया येत नव्हती, मुलांस मराठी येत नव्हती. आणि माडिया ही द्राविड कुळांतील भाषा असल्यामुळें एकीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याचीहि सोय नव्हती. मुलें खालीं मान घालून बसत आणि संधि सांपडतांच रानवाटेनें आपल्या गांवाकडे पळ काढीत.

एखाद्या उतावळ्या शिक्षकानें तीं मुलें मंद ठरविलीं असतीं. परंतु हींच मुलें झाडावर सरसर चढत, नदींत मासे धरीत. आणि गांवांत रात्रीं ढोलाच्या तालावर रेला नाचतांना त्यांच्यांत संकोचाचा लवलेश नसे. फळ्यासमोर जीभ टाळ्याला चिकटणारा मुलगा नदीवर दहा जणांस हुकूम सोडीत असे. आपल्या घरच्या घुम्या मुलाची "नदी" कोणती, हें किती आईबापांस ठाऊक असतें?

हेमलकशाच्या कार्यकर्त्यांनीं मुलांस धीट होण्याचा उपदेश केला नाहीं. त्यांनीं स्वतःच माडिया भाषा शिकून घेतली. पळालेल्या मुलांना आणावयास तीं माणसें पुनः पुनः त्यांच्या गांवीं गेलीं. ज्या लोकांच्या अंगावर पुरेसें वस्त्र नव्हतें, त्यांच्यांत वावरतांना डॉ. प्रकाश यांनीं नेहमींचे कपडे सोडून अर्धी विजार व बनियन हाच पोषाख पत्करला. आमटे दांपत्याचीं मुलेंहि त्याच शाळेंत माडिया मुलांच्या शेजारीं बसून शिकलीं. पुढें त्याच शाळेंतून डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले. त्यांतील प्रत्येकाची भीड कोणत्या दिवशीं चेपली, हें कोणी टिपून ठेवलेलें नाहीं. तें टिपण्यासारखें एका दिवसांत घडतहि नसतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. एकच मित्र असलेलें, पुस्तकांत रमणारें मूल सुखी असेल तर त्याला गर्दींत ढकलण्याचें कारण नाहीं. ज्याला बोलावयाचें असतें पण बोलवत नाहीं, त्याची यातना निराळी. हिला अमेरिकेंतील मानसोपचारज्ञांनीं १९८० सालीं रोगांच्या वर्गीकरणांत स्वतंत्र जागा दिली, आणि ती बहुधा कुमारवयांतच सुरू होते. हिच्या मुळाशीं एक गैरसमज असतो, तो असा कीं सर्वांचे डोळे आपल्यावरच आहेत. कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनीं विद्यार्थ्यांस लाजिरवाणा सदरा घालून इतरांच्या खोलींत पाठविलें. सुमारें निम्म्या लोकांनीं तो पाहिला असेल असें त्यांस वाटलें. प्रत्यक्षांत लक्ष गेलें होतें सुमारें चतुर्थांशांचें. हा प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. मुलास तो सांगावयास हरकत नाहीं. मात्र नुसत्या सांगण्यानें भय जाईल अशी आशा धरूं नये.

भय वाढतें तें टाळण्यानें. एक दिवस शाळा बुडाली कीं हायसें वाटतें, आणि तें हायसें वाटणेंच दुसऱ्या दिवशींची पायरी अधिक उंच करतें. म्हणून पायऱ्या लहान असाव्या. प्रथम वाण्याकडून सामान स्वतः मागून आणावें. मग शेजारच्या मुलाला गृहपाठ विचारावा. भाषणाची स्पर्धा फार पुढची गोष्ट. पाहुण्यानें मुलास प्रश्न केला असतां आईनें परस्पर उत्तर देऊं नये. क्षणभर शांतता पसरली तर पसरूं द्यावी. मूल शाळेचें नांवच काढीनासें झालें, झोंप उडाली, किंवा जगणें नको असें बोलूं लागलें, तर मात्र उपदेश बाजूस ठेवून तज्ज्ञ गांठावा. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनि-सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें.

शिक्षकाच्या हातीं याहून सोपें साधन आहे. "जा, मुलांत मिसळ," असें सांगितल्यानें कोणी मिसळत नाहीं. तेथें मिसळण्याखेरीज दुसरें काम नसतें, आणि बुजऱ्या मुलास तेंच जड जातें. त्याला दुसऱ्या एका शांत मुलाबरोबर कचेरींतून भूगोलाचा मोठा नकाशा आणावयास पाठवावें. नकाशा लांब असतो, जिन्याला वळणें असतात. पहिल्या दोन खेपांस तीं दोघें एक अक्षरहि न बोलतां परत आलीं तरी बिघडत नाहीं. तिसऱ्या खेपेस, कोणतें टोक कोणी धरावें, एवढें तरी त्यांस बोलावें लागतेंच.