चाक जमिनीला धरून राहावे म्हणून



रायपूरहून निघून मुख्य रस्ता सोडला की भाताच्या खाचरांमधल्या वाटा सुरू होतात. येथील शेतकरी जिला ‘भाटा’ म्हणतो ती लाल मुरमाड जमीन पावसाळ्यात निसरडी होते आणि उन्हाळ्यात तिची बारीक धूळ सर्वत्र शिरते. अशा वाटांवर तरुण मुले मोटारसायकली घेऊन जातात. पालक हेल्मेटचा आग्रह धरतात, तो योग्यच आहे. परंतु स्वाराचे रक्षण करणारी आणखी एक वस्तू असते, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ती म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क, बोलीभाषेतला ‘पुढचा शॉकअप’.

फोर्कच्या प्रत्येक पायात एका नळीत दुसरी नळी सरकते. आतली स्प्रिंग धक्का झेलते. पण एकटी स्प्रिंग दाबली गेल्यावर उसळतच राहील. बारीक छिद्रांतून वाहणारे तेल त्या उसळीला आवर घालते. १९३५ साली बीएमडब्ल्यू कंपनीने आर-१२ या गाडीवर तेलाचा आवर असलेला असा फोर्क आणला; तत्त्व आजही तेच आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी असे फोर्क बनवते. रोजच्या वापराच्या गाडीचा फोर्क साधारण सव्वाशे मिलिमीटर सरकतो, हीरोच्या एक्सपल्स २०० चा १९०, तर मोटोक्रॉस शर्यतीच्या गाडीचा सुमारे ३०० मिलिमीटर.

कडक फोर्क म्हणजे मजबूत फोर्क, असा एक समज रूढ आहे. तो घातक आहे. अति कडक फोर्कचे चाक दगडावरून उडते, आणि चाक हवेत असताना ब्रेक लागत नाही व हँडलही निरुपयोगी ठरते. अति मऊ फोर्क खड्ड्यात तळाला आपटतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी संकुलात सुपरक्रॉसच्या उंच उड्या प्रेक्षकांनी पाहिल्या. त्याच महिन्यात हरिथ नोहा या भारतीय स्वाराने डाकार रॅलीत ‘रॅली-२’ गट जिंकला. अशा क्रीडाप्रकारांत फोर्क स्वाराच्या वजनाला आणि जमिनीला जुळवून घेणे हा तयारीचाच भाग असतो.

फोर्क बसवताना दोन्ही पाय क्लॅम्पमध्ये समान उंचीवर असावेत. बोल्ट टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावेत. अति आवळल्यास नळी दबून आतली नळी अडकू लागते. चाकाचा आस बसवल्यावर एका पायाचे पकड-बोल्ट सैल ठेवून, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबावा. तो पाय आपली जागा घेतो. मगच ते बोल्ट आवळावेत.

जुळवणीसाठी आधी चाक अधांतरी ठेवून आसापासून क्लॅम्पपर्यंतचे अंतर मोजावे, नंतर स्वार नेहमीच्या पोशाखात गाडीवर असताना पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक एकूण सरकण्याच्या साधारण पाव भाग असावा. तो अधिक भरल्यास स्प्रिंगवरचा मूळ दाब वाढवावा. तरीही न जुळल्यास त्या वजनाला योग्य अशी स्प्रिंग घालावी. तेलाचा आवर बदलणारे स्क्रू असल्यास ते हलक्या हाताने पूर्ण बंद करून, सोडताना ‘क्लिक’ मोजाव्यात. एका वेळी एकच बदल करावा, तोही दोन क्लिकचा, आणि त्याची वहीत नोंद ठेवावी. वही नसेल तर केलेला बदल उपयोगी ठरला की बाधक, हे कळत नाही.

निगा राखण्यात पहिला शत्रू धूळ. नळीवर वाळलेला चिखल ऑईल सीलची कड कापतो. पाण्याचा जोरदार फवारा सीलवर मारू नये. नळी ओल्या मऊ फडक्याने पुसावी. सीलच्या कडेत अडकलेला कण काढण्यास कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी पुरते. तरीही तेल झिरपत राहिले तर सील बदलणे हाच उपाय. कारण ते तेल ब्रेकच्या पॅडवर उतरले की ऐन उतारावर ब्रेक धरत नाही. तेलाने भिजलेले पॅडही बदलावेत. ठरलेल्या मुदतीत तेल बदलताना दोन्ही पायांतील पातळी सारखीच हवी. मात्र फोर्क घरी उघडू नये. आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि झाकण उसळून इजा होऊ शकते. ते काम जाणत्या मिस्त्रीचे आहे.

शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात पालकांना एकच विनंती. येत्या रविवारी मुलासोबत गाडीपाशी उभे राहावे, ब्रेक धरून फोर्क दाबावा आणि नळीवर तेलाचे कडे उमटते का ते पाहावे. दाब, बल आणि घर्षण हे वर्गात शिकवले जाणारे शब्द तेथे हाताला जाणवतील. आणि मूल सुखरूप घरी परतावे, ही पालकांची काळजी त्या दोन मिनिटांत मुलालाही न सांगता समजेल.