खोकल्याची लाज कोणी बाळगावी?

(मलकापूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)

शाहूवाडी तालुक्यातील कोणत्याही वाडीत जा. तोंडाला पदर लावून खोकला दाबणारी बाई आणि मुंबईच्या गिरणीतून परतलेला, चार पावलांत धाप लागणारा म्हातारा आपल्याला भेटतोच. 'वय झाले, दुसरे काय!' असे म्हणून तो वेळ मारून नेतो. दोघांनाही रोगापेक्षा त्याच्या बोभाट्याची भीती अधिक. 'लोक क्षय म्हणतील, मुलीचे लग्न अडेल.' ही लाज चुकीच्या माणसाच्या माथी मारली गेली आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

गिरणीच्या ब्लो रूममध्ये आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाई. त्यातून होणाऱ्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. प्रारंभी सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते. अखेरीस धाप कायमची मागे लागते. कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टात पुढे या रोगाची व्यवसायजन्य रोग म्हणून नोंद झाली. म्हणजे भरपाई हा हक्क होता, उपकार नव्हे. परंतु खोकला लपवणारा माणूस हक्क कसा मागणार? 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या उजाड झाल्या आणि अनेकजण छातीतला रोग कोणत्याही कागदावर न चढवताच गावी परतले. मालकाचे देणे कामगाराच्या संकोचात बुडाले.

आणि ती बाई? तिने आयुष्यात कधी बिडी ओढली नाही. पण पावसाळाभर ओले सरपण आणि शेणी फुंकून तिची फुप्फुसे बिडी ओढणाऱ्यासारखी झिजली. 2016 च्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस आला; तथापि सिलिंडर भरण्यास पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. हे दारिद्र्याचे दुखणे आहे. त्यात तिचे पाप कोणते?

हे दोन्ही रोग संसर्गजन्य नाहीत. आणि समजा, क्षयच निघाला, तरी काय? मद्रास येथे 1956 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही. धोका असतो तो निदानाविना लपवलेल्या खोकल्याचा. म्हणजे वाळीत टाकण्याच्या भीतीनेच क्षय पसरतो.

दम्याच्या पंपाचीही अशीच लाज. पाहुणे आले की तो फडताळात जातो. वस्तुतः त्यातून औषध थेट फुप्फुसात पोहोचते, म्हणून थोडकेच पुरते. झिजलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही हे खरे. परंतु धाप आटोक्यात राहते, माणूस हिंडूफिरू लागतो.

साथींनो, व्याख्यानांनी ही लाज जाणार नाही. आपल्याच घरातील खोकणाऱ्या माणसाला आपण उघडपणे दवाखान्यात नेले पाहिजे, त्याच्या पंगतीला बसले पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात छातीची तपासणी आणि पंपाचे औषध नियमित मिळावे, ही मागणी ग्रामसभेत त्याच्याच तोंडून मांडली गेली पाहिजे. तो धापा टाकत बोलेल, थांबेल, पुन्हा बोलेल. त्या वेळी माना खाली घालायच्या असतील, तर त्या ज्यांनी धूळ आणि धूर त्याच्या वाट्याला ठेवला त्यांनी घालाव्यात.