काळ्या मातीतले निळे पीक



जवसाचे फूल बघायचे तर सकाळीच शेत गाठावे लागते. उजाडल्यावर ते उमलते आणि ऊन चढले की पाकळ्या गळू लागतात. दुपारी त्याच बांधावरून गेलेल्या माणसाला हिरव्या, नाजूक काड्यांखेरीज फारसे काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नव्या कळ्या फुलतात आणि शेत पुन्हा निळे होते. हरभऱ्याची बारीक गुलाबी-जांभळी फुले पानांआड दडतात, करडईची केशरी होतात. सबंध वावर आभाळाच्या रंगाचे करणारे पीक आपल्याकडे जवसाखेरीज दुसरे नाही.

हे फूल जवळून पाहण्यासारखे आहे. पाच पाकळ्या, प्रत्येकीवर गडद निळ्या बारीक रेषा. मध्ये पाच पुंकेसर आणि पाच कुक्षी. पाकळ्या गळाल्यावर उरते ते वाटाण्याएवढे गोल बोंड. त्याच्या आत पाच कप्पे आणि बोंड पूर्ण भरले तर दहा दाणे. दाणा चपटा, गुळगुळीत, तपकिरी आणि इतका चकचकीत की मूठभर घेतला तर बोटांतून निसटतो. चमचाभर दाणे वाटीत भिजवून ठेवावेत. अर्ध्या तासात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत पारदर्शक थर चढलेला दिसतो. दाण्याच्या सालीतला हा चिकट पदार्थ पाणी धरून ठेवतो. पोट साफ होण्यासाठी घरातली वडीलधारी माणसे भिजवलेले जवस देतात, ते याच गुणासाठी. गळवावर बांधायचे जवसाचे गरम पोटीसही त्यामुळेच बराच वेळ ओलसर आणि उबदार राहते.

ज्या प्रजातीतले हे पीक आहे, ती प्रजाती मोठी आहे. जगभर तिच्या सुमारे दोनशे जाती आहेत. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर पिवळ्या फुलांचे रानजवस उगवते. अल्जीरियाकडची एक जात गर्द तांबडी फुलते आणि बागांत लावली जाते. या तांबड्या जवसाने आणि बहुवर्षायू निळ्या जवसाने चार्ल्स डार्विनला बरेच काम दिले. काही झाडांच्या फुलांत कुक्षीवृंत आखूड असतो आणि काहींच्या फुलांत लांब. एका प्रकारच्या फुलाचा पराग दुसऱ्या प्रकारावर पडला तरच भरपूर बी धरते, हे त्याने प्रयोगांनी दाखवले आणि 1863 साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडले. आपल्या शेतातल्या जवसात हा भेद नाही. त्याचे बहुतेक परागण त्याच फुलात होते, म्हणून गावोगावचे जुने वाण पिढ्यानपिढ्या आपापले गुण टिकवून राहिले.

हे जुने वाण खानदेशाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बिहारमधल्या पुसा येथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातले जवस गोळा करून शेजारी शेजारी लावले. गंगेच्या गाळाच्या जमिनीतले जवस बारीक दाण्याचे आणि उथळ मुळांचे निघाले. दख्खन आणि मध्य भारतातल्या काळ्या जमिनीतले जवस टपोऱ्या दाण्याचे, खोल मुळांचे. कारण उघड आहे. पाऊस संपला की काळी जमीन वरून सुकत जाते, तडकते, पण खाली ओल धरून असते. त्या ओलीपर्यंत मूळ पोचले तरच झाड तगते. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठच्या खोल काळ्या मातीत हिवाळाभर एकही पाणी न देता जवस येई, ते या मुळांच्या जोरावर. शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी त्याच मातीत पेरले आणि त्याच पिकातले बी पुढच्या वर्षासाठी राखले. निवड अशीच होत गेली.

मुंबई सरकारने 1880 मध्ये खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. जळगाव आणि धुळे तेव्हा एकाच जिल्ह्यात होते. त्यातल्या तेलबियांत जवसाची नोंद आहे. हा काळ जवसाच्या भरभराटीचा होता. 1860 च्या दशकात रेल्वे खानदेशात पोचली, 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई बंदरातून जवसाची पोती विलायतेला जाऊ लागली. टपोऱ्या दाण्याच्या मालाला व्यापारात मुंबईचेच नाव चिकटले. तिकडे त्याचे तेल गाळून रंग, वार्निश आणि छपाईची शाई होई. त्याच दशकात फ्रेडरिक वॉल्टनने घट्ट झालेल्या जवसाच्या तेलापासून फरशीवर अंथरायचे लिनोलियम तयार केले. आजही चित्रकलेचे विद्यार्थी लिनोकटचा ठसा कोरतात तो याच लिनोलियमवर.

हे सगळे शक्य झाले ते तेलाच्या एका गुणामुळे. शेंगदाण्याचे तेल फळीवर चोपडले तर दिवसेंदिवस तेलकटच राहते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि त्याचा चिवट पातळ पापुद्रा बनतो. काचेच्या तावदानाला सुतार लावतात ती पारंपरिक लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे तेल. विलो लाकडाच्या नव्या बॅटला मुले चोळतात, तेही हेच. एक खबरदारी मात्र घ्यावी. या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि बोळ्यात ती कोंडून चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

तैलरंगातले मुख्य तेल शतकानुशतके जवसाचेच राहिले आहे, आणि तैलचित्र म्हटले की खानदेशाला रॉबर्ट गिलची आठवण यायला हवी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती करण्याचे काम या लष्करी अधिकाऱ्याकडे 1844 मध्ये आले. वर्षानुवर्षे लेण्यांच्या अंधारात बसून त्याने भल्यामोठ्या कॅनव्हासवर ती चित्रे उतरवली आणि ती लंडनला गेली. डिसेंबर 1866 मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेली त्याची चित्रे जळाली. तिथे नसलेली मोजकीच वाचली. गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांची कहाणी मराठी माणसाला ठाऊक असते. गिलची कबर मात्र जळगाव जिल्ह्यात, भुसावळला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. तो 1879 मध्ये गेला.

आता स्वयंपाकघराकडे वळू. जवसाची चटणी खानदेशात कळण्याच्या भाकरीबरोबर जितकी शोभते तितकी क्वचितच कुठे शोभत असेल. जवस मंद आचेवर कोरडे भाजायचे. आधी शांत असलेले दाणे तडतडू लागतात, काही कढईबाहेर उड्या घेतात आणि खमंग वास सुटतो. तेवढ्यावर कढई उतरवायची, कारण क्षणभर जास्त झाले तरी कडवटपणा येतो. गार झाल्यावर भाजलेली सुकी मिरची, लसूण, जिरे आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे. पूड अगदी बारीक न करता थोडी भरड ठेवली की दाताखाली दाणा लागतो. भाकरीवर चटणी घ्यायची, बोटाने खळगा करायचा आणि त्यात कच्चे तेल ओतायचे. थंडीत गूळ-तूप घालून जवसाचे लाडूही होतात.

या चटणीची आहारशास्त्राने पाठराखण केली आहे. जवसाच्या दाण्यात साधारण चाळीस टक्के तेल असते आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतून मिळणारे ओमेगा-3. मासे न खाणाऱ्या घरांना हे आम्ल इतक्या स्वस्तात देणारे दुसरे पीक आपल्या रानात नाही. शिवाय प्रथिने आणि चोथा आहे तो वेगळाच. दाणे दळून किंवा कुटून खावेत, कारण अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात. पूड थोडी थोडी करावी. जे आम्ल तेलाला सुकवते तेच पुडीला लवकर खवट करते. तेल काढून उरलेली पेंड गाई-म्हशींना प्रथिनांचा चांगला खुराक आहे.

या पिकाचा तिसरा उपयोग खानदेशाने फारसा केला नाही. जवसाच्या खोडाच्या सालीत लांब, रेशमी चमकीचे धागे असतात. लिनन हे कापड त्याचेच. जॉर्जियातल्या झुझुआना गुहेत सापडलेले रानजवसाचे धागे तीस हजार वर्षांहून जुने आहेत, आणि इजिप्तच्या ममी लिननमध्येच गुंडाळलेल्या आहेत. धाग्यासाठी जवस दाट पेरतात, म्हणजे झाड फांद्या न फोडता सरळ वाढते. मग ते मुळासकट उपटून कुजवतात आणि धागा सोडवतात. पश्चिम बंगालमधल्या रिशरा येथे लिननची मोठी गिरणी आहे, पण धाग्याचे जवस युरोपातून येते. दाणे आणि धागा दोन्ही देणारे ‘गौरव’, ‘शिखा’ यांसारखे वाण देशात तयार झाले आहेत.

मग इतके गुणी पीक मागे का पडले? स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत देशात जवसाखाली सुमारे वीस लाख हेक्टर जमीन होती. आज ती दोन-तीन लाख हेक्टरांच्या घरात आली आहे. रंगाच्या कारखान्यांना कृत्रिम रसायने मिळाली. खाद्यतेलात शेंगदाणा, सोयाबीन आणि आयात केलेले पाम पुढे गेले. खानदेशात पाटाचे आणि विहिरीचे पाणी आले, तिथे केळी आणि ऊस आले. कपाशी वावरात थंडी संपेपर्यंत राहू लागली आणि रब्बीच्या पेरणीची वेळच टळली. यात शेतकऱ्याचा दोष नाही. ज्या पिकाला गिऱ्हाईक नाही ते त्याने का पेरावे?

आता मात्र गिऱ्हाईक परत येते आहे, आणि नेमक्या याच वेळी जुने वाण हातचे जाऊ देणे महाग पडेल. उत्तर डकोटातल्या एच. एच. फ्लॉर यांनी जवसावरच्या तांबेरा रोगाचा अभ्यास करताना एक मोठा नियम शोधला. पिकातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तोंड देणारे एकेक जनुक बुरशीत असते. बुरशी बदलली की जुना प्रतिकार निकामी होतो आणि नवा शोधावा लागतो. तो सापडतो जुन्या वाणांत आणि रानटी भाऊबंदांत. रोगप्रतिकारक वाण तयार करण्याचे जगभरचे शास्त्र आज बऱ्याच अंशी या नियमावर उभे आहे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर दीर्घकाळ संशोधन चालू आहे आणि एनएल-97, एनएल-260 असे वाण तिथून आले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएल-99 हा वाण दिला. त्याच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल अगदी कमी असल्याने ते जास्त टिकते आणि स्वयंपाकाला चालते. एकाच पिकात एक वाण ओमेगा-3 ने भरलेला आणि दुसरा जवळपास त्याविना. वैविध्य जपले की असे दोन टोकांचे उपयोग हाती लागतात.

म्हणून शिंदखेडा, अमळनेर, चोपड्याकडच्या कोरडवाहू काळ्या जमिनीत ज्यांचा हरभरा ठरलेला आहे, त्यांनी यंदा सबंध शेत नव्हे, पण हरभऱ्याच्या चार ओळींमागे जवसाच्या दोन ओळी घ्याव्यात. कोरडवाहू पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ओल टिकून असताना करावी. दाणा खोल पडू देऊ नये. निव्वळ जवस घेतले तर एकरी आठ-दहा किलो बी पुरते. कळ्या धरताना गादमाशीवर लक्ष ठेवावे. उशिरा पेरलेल्या जवसाला तिचा त्रास जास्त होतो. कुणाच्या घरी आजीने राखलेले जुने बी गाडग्यात किंवा डब्यात असेल तर ते वेगळ्या वाफ्यात पेरावे, त्याचा दाणा आणि उंची टिपून ठेवावी आणि त्यातले मूठभर जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात दाखवावे. बचत गटांनी एकत्र येऊन चटणी, लाडू आणि लाकडी घाण्याचे ताजे तेल थोड्या थोड्या प्रमाणात विकायला घेतले, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेला माल गावातच खपेल आणि पेंड गावच्याच गोठ्यात जाईल.