आहारशुद्धीचा आरंभ शेतात
(व्याख्यानाचा मजकूर)



जैन घरात पीठ ही केवळ स्वयंपाकाची वस्तू नव्हे, तो आचाराचा विषय आहे. धान्य उन्हात घालावे, चाळावे, निवडावे, त्यात एखादा जीव राहिला नाही याची खात्री करावी आणि मगच दळावे, हा नियम माता-भगिनींनी पिढ्यानपिढ्या सांभाळला. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची मानली जाते. परंतु ही सारी सावधगिरी धान्य घरात आल्यानंतरची आहे. ते शेतात उभे असताना त्यावर काय फवारले गेले, हा प्रश्न पूर्वी विचारावा लागत नसे. आज तो विचारणे प्राप्त झाले आहे.

जगात सर्वाधिक वापरले जाणारे तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट. ते १९७४ मध्ये बाजारात आले. वनस्पतीला आवश्यक असणारी काही अमिनो आम्ले तयार होण्याची प्रक्रिया ते बंद पाडते. पानावर पडलेला अंश मुळापर्यंत पोहोचतो आणि संपूर्ण झाड वाळते. ही प्रक्रिया मनुष्यात व प्राण्यांत नसते, म्हणून हे द्रव्य निर्धोक समजले गेले. मात्र मातीतील बुरशी व अनेक जीवाणू यांच्यात ती असते.

तणनाशक तणावरच पडते, ही समजूत मात्र अपुरी आहे. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग येथे हवा थंड व ओलसर असते आणि पीक एकसारखे पिकत नाही. म्हणून तेथे कापणीच्या काही दिवस आधी उभ्या गव्हावर, ओटवर व बार्लीवर ग्लायफोसेट फवारण्याची पद्धत पडली. दाण्यातील ओलावा ३० टक्क्यांखाली आल्यावरच फवारावे, असा नियम आहे. त्याआधी फवारल्यास दाण्यात अधिक अंश उतरतो. गव्हात तो मैद्यापेक्षा कोंड्यात अधिक राहतो आणि भाजल्याने फारसा नाहीसा होत नाही. गव्हातील या अंशाची कमाल मर्यादा युरोपीय संघात किलोमागे १० मिलिग्रॅम, तर अमेरिकेत ३० मिलिग्रॅम ठरविली गेली. इटलीने २०१६ मध्ये कापणीपूर्व फवारणीस बंदी केली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये ग्लायफोसेटला आणखी १० वर्षांची मान्यता दिली, परंतु पीक वाळविण्यासाठी त्याचा वापर वर्ज्य ठरविला.

भारतातील गव्हाची स्थिती निराळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. येथे गहू कडक उन्हात आपोआप वाळतो. तणनाशक फवारले तरी ते सामान्यतः पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने, कोवळ्या पिकात फवारतात. त्यामुळे परदेशातील गव्हाची भीती येथील प्रत्येक पोळीला लावणे सत्याला धरून होणार नाही. परंतु कडधान्यांबाबत निश्चिंत राहता येत नाही. परदेशातून येणाऱ्या मसुरीसारख्या डाळींमुळे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला २०१८ मध्ये ग्लायफोसेटच्या तपासणीकडे लक्ष द्यावे लागले. मध्य प्रदेशात उन्हाळी मूग लवकर वाळावा म्हणून होणारी तणनाशकाची फवारणी २०२५ मध्ये शासकीय खरेदीच्या वेळी चर्चेचा विषय ठरली. उपवासाच्या पारण्याला आणि आयंबिलाला ज्या मुगाचा आधार घेतला जातो, त्याचीच ही कथा आहे.

आरोग्याच्या प्रश्नावर तज्ज्ञांत मतभेद दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘मनुष्यात संभवतः कर्करोगकारक’ या गटात ठेवले. पुढच्याच वर्षी त्याच संघटनेच्या व अन्न-कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ बैठकीने, आहारातून जाणाऱ्या अंशामुळे कर्करोगाचा धोका संभवत नाही, असा अभिप्राय दिला. अनेकांताचा अभ्यासक या विरोधाने गोंधळणार नाही. पहिल्या संस्थेने त्या द्रव्यात अपायाची क्षमता आहे काय, हे पाहिले. दुसऱ्या बैठकीने ताटातील प्रमाणाने अपाय होईल काय, हे पाहिले. प्रश्न दोन, म्हणून उत्तरे दोन.

तथापि श्रावकाचा प्रश्न याहून व्यापक आहे. तो केवळ स्वतःच्या देहापुरता विचार करीत नाही. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ग्लायफोसेटयुक्त तणनाशकानंतर गांडुळांची हालचाल मंदावली आणि मातीत खोल न जाणाऱ्या एका जातीचे प्रजनन ३ महिन्यांत निम्म्याहून अधिक घटले. गांडूळ हा द्वींद्रिय त्रस जीव होय. शेतीतील हिंसा उद्योगी आणि स्वयंपाकातील हिंसा आरंभी मानली गेली. गृहस्थाला ती पूर्णपणे टाळता येत नाही, पण ती विवेकाने कमी करणे हेच अणुव्रत आहे. शिवाय कर्म केवळ कृताने बांधले जात नाही. कारित आणि अनुमोदित यांचाही त्यात वाटा असतो. फवारणीचा पंप शेतकऱ्याच्या पाठीवर असला, तरी स्वस्त व स्वच्छ दिसणाऱ्या धान्याची मागणी ग्राहकाची असते. श्रावकाचारात विषवाणिज्य निषिद्ध व्यापारांत गणले आहे, याचेही स्मरण व्यापारी बांधवांनी ठेवावे.

यावर सेंद्रिय धान्य व त्याचे पीठ हा एक चांगला मार्ग आहे, मात्र तो डोळसपणे स्वीकारावा. सेंद्रिय शेती म्हणजे हिंसामुक्त शेती नव्हे. नांगरणीत व खुरपणीतही जीव जातात. ‘नैसर्गिक’ हा पाकिटावरील शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहावे किंवा शेतकरी स्वतः ओळखीचा असावा. खपली हे गव्हाचे वाण आहे. ती सेंद्रियतेची खूण नाही. सेंद्रिय धान्यात कीड लवकर पडण्याचा संभव असतो. किडके धान्य दळणे म्हणजे एक हिंसा टाळताना दुसरी पत्करणे होय. म्हणून धान्य कडक वाळवून, हवाबंद डब्यात, थोडे थोडेच भरावे आणि मर्यादेपुरतेच दळावे. जुना आचार येथे नव्या गरजेला तंतोतंत उपयोगी पडतो.

सर्वांत मोठी अडचण शेतकऱ्याची आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांच्या जमिनीला सामान्यतः २ वर्षांचा परिवर्तनकाळ पाळावा लागतो. त्या काळात उत्पन्न अनेकदा घटते, खुरपणीची मजुरी वाढते, पण माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. अनेक शेतकरी याच टप्प्यावर माघार घेतात. कोल्हापूर-सांगली भागात जैन समाज स्वतः शेतकरी आहे आणि शहरांत तोच समाज ग्राहक व व्यापारी आहे. या दोन टोकांची गाठ घालणे धर्मसंस्थांना शक्य आहे. भोजनशाळेसाठी लागणारा गहू, ज्वारी व मूग यांपैकी निदान एक धान्य परिवर्तनकाळातील शेतकऱ्याकडून, पेरणीपूर्वीच भाव ठरवून घेतले, तर त्या दोन वर्षांचा भार त्याच्या एकट्यावर राहणार नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव व्हावा, हे योग्यच आहे. त्याबरोबर येत्या रब्बीच्या पेरणीपूर्वी एवढा एक करार झाला, तर भोजनशाळेच्या ताटातील पोळी अधिक निर्मळ होईल आणि एका शेतातील मातीला व तिच्यातील असंख्य जीवांना अभय मिळेल.