स्वतःचं प्रिंटएफ

'सी' भाषा शिकायला बसलेला माणूस पहिल्याच दिवशी 'प्रिंटएफ' वापरतो, आणि ते आत काय करतं याची चौकशी बहुतेक जण पुढे कधीच करत नाहीत. करायला हवी.

फंक्शनला किती आणि कोणत्या जातीच्या किमती येणार, हे एरवी आधी ठरलेलं असतं. इथे मात्र पहिल्या स्ट्रिंगनंतर तीन टिंबं दिली की झालं. पुढचा माल 'व्हीए-आर्ग' एकेक करून काढतं, पण तो कुठल्या जातीचा हे आपणच सांगायचं. पहिल्या स्ट्रिंगमध्ये टक्क्यापुढे 'डी' दिसला की पूर्णांक, 'एस' दिसला की स्ट्रिंग. वाण्याच्या यादीवर विसंबून पिशवी न उघडताच हिशेब करावा, तसं हे काम. बरं, या वाटेने 'फ्लोट' पाठवलं तरी हाती 'डबल'च येतं, आणि 'कॅर'चा 'इंट' होतो.

कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तीत 'मिनप्रिंटएफ' नावाचा छोटा नमुना आहे. पण तो आकडे छापायला खऱ्या प्रिंटएफलाच बोलावतो! शिकवण्यापुरतं ठीक; मोजक्या किलोबाइटच्या मायक्रोकंट्रोलरवर, सीरियल पोर्टातून एकेक अक्षर बाहेर ढकलताना, ते काम आपल्यालाच करावं लागतं.

३०७ घ्या. दहाने भागत गेलं की बाकी येते सात, शून्य, तीन, म्हणजे उलटी. म्हणून बफर शेवटाकडून भरायचा. संख्या शून्यच असेल तर लूप एकदा तरी फिरलाच पाहिजे, नाहीतर काहीच छापलं जात नाही. खरी खोच उणे २१४७४८३६४८ मध्ये. उणे चिन्ह काढायला जावं, तर बत्तीस बिटांच्या 'इंट'मध्ये तेवढी धन संख्या मावतच नाही. आधी 'अनसाइन्ड' करून घ्यावं, मग भागाकार. अपूर्णांकांच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये.

नुसती प्रत्येक ओळीआधी वेळ छापायची असेल, तर एवढा खटाटोप कशाला? आलेली स्ट्रिंग आणि पुढचा माल तसाच 'व्हीएफप्रिंटएफ'च्या हवाली करावा. एक पथ्य मात्र कडक पाळावं: वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर फॉरमॅटच्या, म्हणजे त्या पहिल्या स्ट्रिंगच्या, जागी कधीही देऊ नये. खऱ्या प्रिंटएफमध्ये टक्का-'एन' मेमरीत लिहितो, आणि २००० च्या सुमारास याच फटीतून सर्व्हर फोडले गेले. जीसीसीवर असाल तर आपल्या फंक्शनला 'फॉरमॅट' अॅट्रिब्यूट लावा. यादी आणि माल जुळत नसेल, तर इशारे चालू ठेवलेला कंपायलर तिथेच कुरकुर करतो.