नवा कंट्रोलर बसवण्याआधी

(शाखेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज पगारवाढ, बदल्या, रिक्त जागा यांपैकी कशावरही आम्ही बोलणार नाही. आजचा विषय आहे आपल्या दारात उभी असलेली विजेची सायकल. पहाटेच्या पाळीला शेडवर पोचायला बस मिळत नाही. टपालाची थैली घेऊन वाड्यावस्त्या फिरायच्या तर पाय पुरत नाहीत. म्हणून आपल्यापैकी कित्येकांनी हप्त्यावर ही सायकल घेतली आहे. ती बंद पडली की खाडा पडतो. आणि दुकानात एकच औषध सांगितले जाते : "कंट्रोलर गेला, नवा टाका."

आधी आमची फजिती सांगतो. आम्ही डब्यांतील दिवे-पंखे सांभाळणारी माणसे, ११० व्होल्ट डी.सी.वर आयुष्य गेले. त्यामुळे एका ग्रामीण डाक सेवक भावाची ४८ व्होल्टची सायकल आली तेव्हा आम्हाला ती पोरखेळ वाटली. त्याने दुकानातून नवा कंट्रोलर बसवून घेतला होता, तो दोन दिवसांत जळला होता. आम्ही आणखी एक आणला, रंगाला रंग जोडला आणि किल्ली फिरवली. चट् आवाज झाला, वास आला, तोही गेला. दोन कंट्रोलरचे पैसे त्या भावाच्या तुटपुंज्या भत्त्यातून गेले होते. त्यातला एक आमच्या घाईने गेला, हे आम्ही कबूल करतो.

मग आम्ही खाली बसून मागचे चाक पाहिले. आसाचे नट ढिले होते. मोटारीच्या जोराने आस जागेवर फिरला होता आणि आसातून आत जाणारी केबल चिरडली होती. मोटारीची एक जाड तार बारीक सिग्नलच्या तारेला चिकटली होती. म्हणजे ५ व्होल्टच्या वाटेवर ४८ व्होल्ट जात होते. दहा कंट्रोलर बसवले असते तर दहाही जळले असते. साथींनो, जळलेला कंट्रोलर हा पुष्कळदा परिणाम असतो. कारण सापडल्याशिवाय नवा बसवणे म्हणजे कामगाराचे पैसे जाळणे.

कंट्रोलर करतो काय, ते थोडक्यात पाहू. बॅटरीची वीज तो मोटारीच्या तीन जाड तारांत आळीपाळीने सोडतो. या फेजच्या तारा बहुधा पिवळी, हिरवी, निळी अशा असतात. चाक कोठे आहे हे मोटारीतले तीन हॉल सेन्सर त्याला कळवतात. त्यांच्या पाच बारीक तारा : लाल ५ व्होल्टची, काळी निगेटिव्ह आणि तीन सिग्नलच्या. ॲक्सिलरेटरला तीन तारा, ब्रेकच्या मुठींना दोन-दोन, आणि किल्लीची एक बारीक तार. दोष यांपैकी कोठेही असू शकतो.

आता तपासणीचा क्रम. हा क्रम मोडू नका.

पहिले, बॅटरी काढा. बॅटरी काढली तरी कंट्रोलरच्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती पेचकसाने शॉर्ट करून नव्हे, बल्ब लावून उतरवा. मग तिन्ही फेज सोडवून चाक हाताने फिरवा. फेज जोडलेल्या असताना चाक जड आणि सोडवल्यावर हलके, तर जुन्या कंट्रोलरमधील मॉस्फेट शॉर्ट झाले आहेत. सोडवूनही चाक अडखळतच असेल तर मोटार किंवा तिची केबल पाहा. फेज आणि आस, फेज आणि हॉलच्या तारा यांच्यात मीटरने सातत्य दिसता कामा नये. आम्ही ही पाच मिनिटे वाचवली आणि एक कंट्रोलर गमावला.

दुसरे, बॅटरीचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मीटरने ठरवा, रंगावरून नव्हे. कनेक्टर सारखा दिसतो, आतल्या तारा उलट असतात. उलटी बॅटरी क्षणात कंट्रोलर मारते. यावर आपल्याच धंद्यातला उपाय आहे. डब्यात अर्थ फॉल्ट शोधायला आपण दोन दिवे लावतो ना? तसेच ट्रकचे २४ व्होल्टचे दोन इंडिकेटर बल्ब एकामागे एक जोडून बॅटरीच्या पॉझिटिव्ह तारेत घाला. कंट्रोलर जोडताच बल्ब क्षणभर लकाकून विझले तर ठीक. तेवत राहिले तर आत शॉर्ट आहे किंवा तारा उलट्या आहेत. बल्ब तेवतील, पण कंट्रोलर वाचेल.

तिसरे, किल्ली लावा. सगळे मुके असेल तर किल्लीच्या बारीक तारेवर बॅटरीचा दाब येतो का ते बघा. ही तार जोडायची राहिल्यामुळे चांगले कंट्रोलर 'खराब' म्हणून परत गेलेले आम्ही पाहिले आहेत. मग ॲक्सिलरेटरच्या लाल-काळ्या तारांवर ५ व्होल्टच्या आसपास दाब मिळाला पाहिजे. मिळत नसेल तर ॲक्सिलरेटर, मग हॉल असे एकेक कनेक्टर काढा. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत आले, तोच गुन्हेगार.

चौथे, ॲक्सिलरेटरची सिग्नल तार. मूठ सोडलेली असताना सुमारे १ व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चारच्या घरात. त्याची काळी तार तुटली तर सिग्नल आपोआप वर चढतो आणि गाडी सुसाट सुटू शकते. म्हणून सगळी तपासणी चाक जमिनीवरून उचलूनच करायची. ब्रेकचे कनेक्टर काढल्यावर मोटार चालू लागली, तर ब्रेकचा स्विच अडकलेला आहे. चाचणी झाली की ते परत जोडा.

पाचवे, हॉल. मीटरची काळी पिन निगेटिव्हवर, लाल पिन एकेका सिग्नलवर ठेवून चाक हळूहळू फिरवा. गिअरची मोटार असेल तर चाक उलटे फिरवा. दाब ० आणि ५ यांच्यामध्ये उडी मारत राहिला पाहिजे. एखादी तार एकाच आकड्यावर थांबली तर तो सेन्सर किंवा ती तार गेली.

हे सगळे ठीक असूनही चाक नुसते थरथरते, गुरगुरते, तर क्रम चुकला आहे. वेगवेगळ्या कारखान्यांचे रंग जुळतातच असे नाही. पुष्कळ कंट्रोलरना दोन पांढऱ्या तारा असतात. त्या जोडून किल्ली लावली की तो आपला आपण क्रम शिकतो. चाक उलटे फिरले तर तारा सोडून पुन्हा जोडा. ही सोय नसेल तर हॉलच्या तारा तशाच ठेवून फेजच्या सहा जोडण्या एकेक करून पाहा. दर बदलाआधी बॅटरी काढा आणि मूठ अगदी थोडी, क्षणभरच पिळा. चाक शांत फिरते ती जोडणी बरोबर. ते उलटे फिरत असेल तर हॉलच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करून फेजची जोडणी पुन्हा शोधा.

एक इशारा. बदलतोच आहोत तर जास्त अँपिअरचा कंट्रोलर टाकू, असा मोह होतो. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली सायकल आपल्या नियमांत मोटार वाहन धरली जात नाही. ती मर्यादा ओलांडली की नोंदणी, परवाना, विमा सगळे लागते. शिवाय जादा प्रवाहाने बॅटरी तापते. घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीची आग पोराबाळांच्या उशाशी लागते, हे विसरू नका.

शेवटी एक सूचना मांडतो. शाखेच्या कार्यालयात एक मीटर, दोन बल्ब आणि हा क्रम लिहिलेला कागद कायम ठेवावा. महिन्यातला एक रविवार रेल्वेतल्या वायरमन साथींनी डाक सेवकांच्या सायकलींसाठी द्यावा. ज्या भावाची गोष्ट सांगितली त्याची केबल आम्ही नवी टाकली, आसाला टॉर्क आर्म लावला, आमच्या हातून जळलेल्या कंट्रोलरची किंमत आपसांत वर्गणी काढून भरली. त्याची सायकल आता रोज टपाल घेऊन जाते. एकजूट सभेत दिसते, तशी ती मिस्त्रीकामातही दिसली पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!