मिथेनची जमेची बाजू



आपण कोरडवाहूवाले. पंधरा दिवस उघडीप पडली की आपली पऱ्हाटी माना टाकते. अशा सभेत दलदलीची गोष्ट कशाला, असं कोणी विचारील. विचारावंच. पृथ्वी तापते म्हणून जो हिशेब मांडतात, त्यात आपला गोठा खर्चाच्या बाजूला धरलेला आहे. जनावर रवंथ करतं, ढेकरातून मिथेन सोडतं. ते खोटं नाही. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. पण मिथेन खाणारेही कोणी आहेत, त्यांची जमा आम्हाला पाहायची आहे.

थंड मुलुखातल्या पाणथळीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. वाळल्या वजनाच्या वीसेक पट पाणी ते धरून ठेवतं. खाली हवा पोचत नाही, म्हणून मेलेलं शेवाळ धड कुजत नाही, हजारो वर्षं थरावर थर साचतो. त्याला पीट म्हणतात. त्यातून मिथेन वर येतो. हॉलंडमधल्या नायमेगेनच्या शास्त्रज्ञांनी खूण केलेला मिथेन या शेवाळाला देऊन पाहिला. त्यातला कर्ब शेवाळाच्याच अंगात निघाला! हे २००५ साली छापून आलं. शेवाळाच्या पोकळ पेशींत जीवाणू राहतात. ते मिथेन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेवाळ तो घेऊन उन्हात आपलं अन्न करतं, आणि त्यातून सुटलेला प्राणवायू जीवाणूंना मिळतो. बुडालेल्या शेवाळातला १० ते १५ टक्के कर्ब या वाटेनं आलेला होता.

तुरीच्या मुळावरच्या गाठी ज्यानं पाहिल्या, त्याला हा व्यवहार समजावून सांगायला नको. तिथं जीवाणू नत्र देतो, इथं कर्ब. फिनलंडच्या दलदलींवरचा २०१४ चा अभ्यास तर सांगतो की मिथेन मिळाला की नत्रही बांधला जातो. युरियाची गोणी नाही, रांग नाही.

हॉलंडनं मात्र शेकडो वर्षं चर काढून पाणी उपसलं, पीट खणून चुलीत घातलं. पाणी गेलं की मिथेन घटतो, हे खरं. पण थरात हवा शिरते आणि साठवलेला कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. जगाच्या ३ टक्के जमिनीवर पीट आहे, त्यात मातीतल्या कर्बाचा सुमारे तिसरा हिस्सा आहे.

मिथेन खाणारे जीवाणू वापशावरच्या जमिनीतही असतात, हवेतला मिथेन थोडा थोडा खातात. अमोनियाची खतं टाकली की बऱ्याच जमिनींत त्यांचं काम मंदावतं, तेही लपवायला नको. गोठा मोजायला येणाऱ्यांनी ज्वारीच्या तासांतली मातीही मोजावी, एवढीच आमची मागणी. जमा थोडीच निघेल. निघेल तेवढी लिहा.